पिसवा कुत्रीवर कमी, घरात जास्त

आईच्या घोट्याजवळ तीन लाल ठिपके उठले, एका रांगेत. पोळा होऊन आठवडा झाला होता आणि पावसाची उघडझाप चालू होती, त्यामुळं आळ डासांवर गेला. दुसऱ्या दिवशी ठिपके सात झाले, सगळे गुडघ्याच्या खाली. मग ढेकणांचा संशय आला. बाज उन्हात टाकली, तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, गाद्या झटकल्या. ढेकूण एकही निघाला नाही. चौथ्या दिवशी बायको कापशीला मांडीवर घेऊन बसली होती. कापशी म्हणजे आमची कुत्री, मांजरापेक्षा जराशी मोठी, फुटलेल्या बोंडासारखी पांढरी. मुलीची पुण्याहून बदली झाली तेव्हा कापशी गावी आली आणि इथलीच झाली. तिच्या शेपटीच्या मुळाशी केस बाजूला सारून बायको म्हणाली, "अवो, हे काये काये दाने कायचे दिसून राहिले इच्या अंगावर?"

ते काळे दाणे ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकले. मिनिट-दोन मिनिटांत एकेका दाण्याभोवती तांबूस कडं पसरलं. माती असती तर नुसता मळकट डाग पडला असता. हा पिसवांचा मळ होता, आणि पिसूचा मळ म्हणजे वाळलेलं रक्तच. कुत्रं सारखं खाजवत असेल आणि पिसू मात्र डोळ्यांना दिसत नसेल, तर आधी ही परीक्षा करावी. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढायचे आणि घरातून सावकाश फिरून यायचं. दहावीतल्या पुतण्याचे शाळेचे मोजे चढवून मी निघालो. ओसरीच्या एका फेरीत 11 पिसवा मोज्यांवर चढल्या. कोठ्यात 19.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर पुढं मला म्हणाला, "पिसवा कुत्रीले नाही झाल्या काकाजी, तुमच्या घराले झाल्या." या लेखात मला सांगायचं ते बहुतेक सगळं या एका वाक्यात आलं. पण ते माझ्या डोक्यात शिरायला महिना गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

बोंडअळी ओळखता, तर पिसूही ओळखता

कपाशी पेरणाऱ्या माणसाला गुलाबी बोंडअळीनं एक धडा शिकवलेला आहे. अंडं, अळी, कोष, पतंग. शेतात उडताना दिसतो तो पतंग, नुकसान करते ती अळी, आणि ती बोंडात बसलेली असल्यानं वरून दिसत नाही. पिसूचंही अंडं, अळी, कोष आणि मग पिसू असंच चालतं. फक्त हिचा पतंग उडत नाही, उडी मारतो. जेमतेम दोन मिलिमीटरची ही बया वीतभर उंच उडते. अंग दोन्ही बाजूंनी चपटं असल्यानं केसांच्या जंगलातून सरसर पळते. इथंच गोचीड आणि पिसू यांतला फरक ध्यानात घ्यावा. गोचीड एका जागी तोंड रुतवून फुगत बसते, पिसू पळते. दोघींची औषधंही प्रत्येक वेळी एकच नसतात, हे पुढं मला महागात पडलं.

मादी कुत्र्याच्या अंगावर चढली की काही मिनिटांतच रक्त प्यायला लागते आणि दिवस-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. रोजची चाळीस-पन्नास अंडी ती सहज घालते. अंडी केसांतच पडतात, पण ती गुळगुळीत असतात, चिकटून राहत नाहीत. कुत्रं अंग झाडतं, बाजेखाली लोळतं, ओसरीत झोपतं, तिथं तिथं ती गळत जातात, पेरणीच्या बियाण्यासारखी. अंड्यातून निघालेली अळी उजेडाला घाबरते आणि खाली, सांदीत, धुळीत जाते. तिला खायला लागतो तो वाळलेल्या रक्ताचा मळ, जो आईबापांनी वरून कुत्र्यासकट पुरवलेला असतो. मोठी झाली की अळी स्वतःभोवती रेशमाचा चिकट कोष विणते. त्या कोषाला धूळ, माती, कुटाराचा भुगा असं काहीही चिकटतं, आणि मग तो कोष आहे की मातीचं ढेकूळ हे ओळखणं कठीण.

आता हिशेब. साधारणपणे सांगतात तो असा: घरातला पिसवांचा सगळा पसारा शंभर धरला, तर 50 अंडी, 35 अळ्या, 10 कोष आणि उरलेल्या फक्त 5 मोठ्या पिसवा. कापशीच्या अंगावर आम्ही बघत होतो त्या या पाच. पंचाण्णव आमच्या पायाखाली होत्या, आणि आम्ही कुत्रीला आंघोळ घालत बसलो होतो.

मृगाचा पाऊस आणि नवतपा

आपल्याकडं पिसवा वर्षभर सारख्या का नसतात, याचं उत्तर हवेत आहे. अळीला ओलावा लागतो. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते, आणि 35 अंशांच्या वरची सततची उष्णताही तिला सोसत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरचा पारा 45 च्या आसपास रेंगाळतो तेव्हा उघड्या अंगणातल्या अळ्या संपतात. म्हणून मे महिन्यात वाटतं की पिसवा गेल्या. पण रांजणाच्या बुडाशी, न्हाणीच्या कडेला, कोठ्यात गव्हाणीखाली, कुटाराच्या ढिगाच्या सावलीत थंडावा आणि ओल असतेच. तिथं काही जणी तग धरतात. मृग लागतो, हवा दमट होते, आणि तीन-चार आठवड्यांत अंड्यापासून पिसूपर्यंतचं चक्र पुरं होऊ लागतं. पोळ्यापर्यंत दोन-तीन पिढ्या झाल्या की आईच्या घोट्यावर ठिपके उठतात.

कोषाची गोष्ट तर थक्क करणारी आहे. आतली पिसू तयार झाली तरी ती लगेच बाहेर येत नाही. वाट बघते, गरज पडली तर चार-पाच महिनेसुद्धा. जमीन हादरली, ऊब लागली, कुणाच्या तरी श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला की तिला कळतं, जेवण आलं. शेतातली जागलीची खोपडी हंगामानंतर बंद असते. महिन्या-दोन महिन्यांनी दार उघडून आत पाय ठेवला की पिंढऱ्यांवर पिसवांचा मारा होतो, आणि गडी म्हणतात खोपडीत काहीतरी आहे. खोपडीत कोष असतात. माणूस आत शिरल्याचा हादरा बसतो आणि शेकडो एकदम फुटतात.

माझी चूक

ठिपक्यांचं कारण कळल्यावर मी सरळ गावातल्या दुकानात गेलो. जनावरांच्या गोचीडांवर मिळतं ते औषध मागितलं. दुकानदारानं बाटली दिली आणि म्हणाला, चालते कुत्र्यालेही. किती टाकायचं विचारलं तर, "अर्धं बुच." किती पाण्यात, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हशीला पुसतो तसं बादलीत ढवळलं आणि कापशीला चिंब करून सोडलं.

तासाभरात ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर शेपटी हलेना. चालायला लावलं तर मागचे पाय वाकडे पडत. अंग गार लागत होतं. बायकोनं तिला कोमट पाण्यानं, सौम्य साबणानं धुतलं, कोरडी करून धाबळीत गुंडाळलं, आणि मी मोटारसायकलला किक मारली. औषधाची बाटली सोबत घेतली, एवढं तरी सुचलं. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, एमिट्राझ. नाडी मंदावली होती. सलाईन, ऊब आणि देखरेख. रात्रीपर्यंत ती मान उचलू लागली.

त्या रात्री डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं मला जास्त लाज वाटली. एमिट्राझ गोचीडांवर आणि खरजेवर वापरतात. पिसवांसाठी ते औषधच नाही. म्हणजे कुत्री मरता मरता वाचली, आणि घरी आल्यावर तिच्या पोटावर पिसवा होत्या तशाच पळत होत्या.

हे मी मुद्दाम लांबवून लिहिलं, कारण आपल्याकडं औषध म्हटलं की हात फवारणीच्या कपाटाकडंच जातो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. साठ किलोच्या माणसाला जे सोसत नाही, ते चार किलोच्या कुत्र्याच्या अंगावर ओतू नये, एवढं तरी त्यातून कळायला हवं. लहान कुत्र्याचं वजन कमी असतं आणि ते अंग चाटतं, त्यामुळं कातडीतून जातं तितकंच पोटातूनही जातं. कपाशीवरची कुठलीही बाटली, कितीही पातळ करून, नको. रॉकेल नको, फिनाईल नको, तंबाखूचं पाणी नको, डांबरगोळ्यांची पुरचुंडी गळ्यात बांधणं नको. लसूण खाऊ घालायचा सल्ला मोबाईलवर फिरतो, तोही नको; लसूण कुत्र्याच्या रक्ताच्या पेशी फोडतो. कडुलिंबाशी माझं भांडण नाही. पाल्याच्या पाण्यानं शेवटची धार दिली तर बिघडत काही नाही, पण पिसवा त्यानं हटत नाहीत. दारातल्या लिंबाखालीच तर त्या झाल्या होत्या.

कुत्र्यासाठी काय करायचं

आधी वजन. सगळी खरी औषधं वजनावर ठरतात आणि अंदाजानं घेतलेलं वजन हमखास चुकतं. कापूस वेचणीचा ताणकाटा घरोघर असतो. कापशीला दुपट्ट्याच्या झोळीत घातलं आणि काट्याला लटकवलं. 4 किलो 300 ग्रॅम. मी मनात सात धरले होते.

डॉक्टरांकडं दोन तऱ्हेची औषधं मिळतात. एक मानेवर सोडायचं, उदाहरणार्थ फिप्रोनिल. दहा किलोच्या आतल्या कुत्र्यासाठी त्याची छोटी नळी असते. दोन खांद्यांच्या मधे, जिथं कुत्र्याची जीभ पोचत नाही, तिथं केस दुभंगून थेट कातडीवर सोडायचं. केसांवर सांडलं तर वाया. लावण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, कारण औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, आणि ते तेलच साबणानं काढून टाकलं तर पसरणार कशातून? दुसरी गोळी, कुत्रं आवडीनं चावून खातं अशी. अफॉक्सोलानेरची गोळी महिनाभर पुरते, फ्लुरालानेरची साधारण तीन महिने. रक्त प्यायला आलेली पिसू काही तासांत मरते, अंडी घालायला उरत नाही. गोळी महाग वाटते, पण मी त्या महिन्यात वायफळ गोष्टींवर जे उडवलं त्यापेक्षा स्वस्तच पडली असती. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर गोळीआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला यातलं काहीही स्वतःच्या मनानं द्यायचं नाही, त्याच्यासाठी फणी.

फणी म्हणजे डोक्यातल्या लिखा काढतो ती, बारीक दातांची. शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवायचं. मानेभोवती, कानांमागं, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या आत फणी फिरवायची आणि लगेच पाण्यात बुडवायची. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निसटते, साबणाच्या पाण्यात बुडते. आंघोळ घालायची असेल तर आधी मानेभोवती फेसाचं कडं करावं. नाही तर पाणी पडताच सगळ्या पिसवा तोंडाकडं आणि कानांत पळतात. लहान मुलांचा शाम्पू चालतो. कपड्यांची वडी नको, कातडी फाटते.

घरासाठी

शहरातले लोक व्हॅक्यूम क्लीनर फिरवतात. आपल्याकडं फडा आहे आणि तो पुरतो, फक्त घराचा मधला भाग झाडून चालत नाही. अळी असते भिंतीच्या कडेला, चौकटीच्या फटीत, कोठीच्या मागं, बाजेच्या पायांजवळ. आम्ही पंधरा दिवस रोज सांदीकोपरे झाडले आणि केर उकिरड्यावर न टाकता चुलीत घातला. उकिरडा दारापासून वीस पावलांवर, तिथं टाकलेल्या अळ्या कुठं जाणार!

कुत्रं झोपतं ती जागा म्हणजे पिसवांची पेवं. कापशी जुन्या पोत्यावर झोपायची. ते जाळलं. तिला आईच्या जुन्या पातळाचे पांढरे तुकडे अंथरायला दिले, दोन संच. एक उकळत्या पाण्यात, एक तिच्या खाली, दर चार दिवसांनी बदल. पांढरं यासाठी की काळे दाणे लगेच दिसतात. आपल्या गोधड्याही गरम पाण्यातून काढाव्यात, विशेषतः कुत्रं ज्यांच्या पायथ्याशी झोपतं त्यांच्या. आमच्याकडं ते कबूल करायला कुणी तयार नव्हतं.

शेणानं सारवलेल्या जमिनीबद्दल विचारतात. भेगा बुजतात, हा सारवणाचा फायदा, कारण भेग म्हणजे अळीचं घर. पण सारवल्यावर दारं-खिडक्या उघड्या ठेवून जमीन खडखडीत वाळू द्यावी. ओली जमीन आणि बंद खोली ही अळीला मेजवानी. रांजणाखालची ओल, न्हाणीतून ओसरीकडं वाहणारं पाणी हेही थांबवावं.

रात्री दिव्याखाली जमिनीवर साबणाच्या पाण्याचं ताट ठेवलं तर पिसवा उजेडाकडं उड्या मारत येतात आणि बुडतात. सकाळी ताट बघून समाधान वाटतं. पण ताटाचं काम कामगंध सापळ्याचं, मादीच्या वासानं पतंग ओढतो त्या सापळ्याचं. सलग 3 दिवस रोज 8 पतंग सापळ्यात आले की बोंडअळीवर उपाय करायचा, असं कृषी विभाग सांगतो. सापळा अळी मारत नाही, खबर देतो. ताटही तेवढंच करतं. पिसवा कमी होत आहेत की वाढत आहेत, ते मोजायला ते उत्तम.

घरात फवारायचंच असेल तर घरासाठीच बनवलेलं औषध, डॉक्टरांना विचारून, लेबलवर लिहिलं तेवढंच, आणि वाळेपर्यंत लेकरं-जनावरं बाहेर. पायरिप्रॉक्सिफेनसारखं औषध अंडी आणि अळ्यांची वाढ रोखतं, ते असलेलं मिळालं तर जास्त बरं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन लिहिलेलं काहीही आणण्याआधी दहादा विचार करावा. कुत्र्याला सोसतं तेवढ्या परमेथ्रिननं मांजर झटके येऊन मरतं. कुत्र्याच्या मानेवरची नळी उरली म्हणून मांजराला लावली, असं करून हळहळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि आता तो भाग, जिथं बहुतेक लोक हरतात. सगळं नीट केलं, कुत्र्याला औषध दिलं, घर झाडलं, तरी दोन-तीन आठवडे पिसवा दिसतच राहतात. कोषावर कुठलंच औषध चालत नाही. आतल्या पिसवा एकेक करून बाहेर येतात, कुत्र्यावर चढतात आणि मरतात. त्यांचं दिसणं म्हणजे औषध लागू नाही असं नाही, कोठार रिकामं होतंय असं आहे. लोक इथं औषध बदलतात, डोस वाढवतात, शेवटी रॉकेलवर येतात. आमच्या मोज्यांचा आकडा पहिल्या आठवड्यात 11 वरून 14 वर गेला, कारण रोजच्या झाडण्यानं कोष हादरत होते. तिसऱ्या आठवड्यात 4. सहाव्यात एकही नाही. तेव्हा मला वाटलं झालं, पुढचा महिना औषध कशाला! डॉक्टर म्हणाले, फरदड ठेवता का? कपाशीची फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक शेतात तसंच उभं ठेवलं, की बोंडअळीला वर्षभर खायला मिळतं, हे मीच लोकांना सांगत फिरतो. निदान तीन महिने औषध सलग चालू ठेवावं.

घरातलं एकच जनावर धरून चालत नाही. मांजर, शेळ्यांची करडं यांनाही याच पिसवा लागतात आणि करडं रक्त कमी होऊन दगावतात. त्यांची औषधं वेगळी, तीही डॉक्टरांकडूनच. गावातली मोकाट कुत्री ओसरीत झोपायला येतात, त्यांना आम्ही भाकरी देणं बंद केलं नाही, पण आता ती चिंचेखाली देतो, उंबऱ्याशी नाही.

कापशीच्या गुदद्वाराशी एकदा तांदळाच्या कण्या चिकटल्यासारख्या दिसल्या. तो पट्टकृमी. पिसूच्या पोटात त्याची अळी असते. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि जंत पोटात जातो. रांगतं लेकरू चुकून पिसू गिळलं तर त्यालाही होऊ शकतो. प्राझिक्वांटेलच्या गोळीनं जंत पडतो, पण पिसवा राहिल्या तर पुन्हा होतो. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेचं वावडं असतं, दोन-चार चाव्यांनी पाठीचा मागचा भाग सोलून निघतो. आणि लहान पिल्लाच्या हिरड्या गुलाबीऐवजी पांढऱ्या पडल्या असतील तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आई प्लेगचं नाव काढून घाबरली होती. तिच्या आजीनं गाव सोडून शेतात झोपड्या टाकल्याच्या गोष्टी तिला सांगितल्या होत्या. पिसूमुळं प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत दाखवलं, हे खरं. पण ती मुख्यतः उंदरावरची पिसू, वेगळी जात. 1994 मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेला प्लेग आला तेव्हा महाराष्ट्रानं पुन्हा ते नाव ऐकलं. कुत्र्याला पिसवा झाल्या म्हणून प्लेगची भीती नको. घरात उंदीर विनाकारण पटापट मरून पडू लागले तर मात्र आरोग्य केंद्राला कळवावं.

यंदा मृग लागायच्या आधीच मी पुतण्याचे मोजे पुन्हा मागून घेतले. आता तो अकरावीत, मोजे नवे, द्यायला कुरकुरला. ओसरीत तीन फेऱ्या मारल्या. एक पिसू. कॅलेंडरवर कापशीच्या गोळीची तारीख बघितली, ती आठ दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. ताणकाटा कुठं ठेवला ते आता शोधतोय.